दुसऱ्या प्रश्नाला कॉफी आली

मिलर्स फोर्क, ओहायो
९ ऑक्टोबर १९९३

प्रिय ज्युडी,

सात लिव्हरचं पितळी कुलूप, जे माझ्याखेरीज अजून कुणाला उघडता आलेलं नाही. बँकेच्या तिजोरीची कळ. जुनी गंजली म्हणून नवी, कानशीने घासून. टेलिफोन कंपनीने भंगारात काढलेल्या रिलेंचं, म्हणजे विजेच्या खटक्यांचं, एक यंत्र, जे गुप्त मजकुरातल्या अक्षरांच्या जोड्या मोजतं आणि चालताना पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज करतं. अक्रोडाच्या लाकडाचं कपाट, एकही खिळा न मारता. आईच्या वॉकरला लावलेला ब्रेक. आणि तू नऊ वर्षांची असताना तुला दिलेली गुप्तलिपीची तबकडी, कॉफीच्या डब्याच्या दोन झाकणांची. ती तुझ्या टेबलावर अजून आहे, असं तू गेल्या वर्षी म्हणाली होतीस.

हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. यादी द्यायचं कारण असं, की तुमच्या समितीच्या अहवालाच्या शेवटी पाचही तज्ज्ञांच्या पदव्या छापल्या आहेत. तुझ्या नावाखाली तर साडेचार ओळी. मला दहावीनंतर शाळा नाही. तेव्हा माझ्या पदव्या या. आता बोलायला मोकळा झालो.

अहवाल मी वाचनालयातून मागवून दोनदा वाचला. सरकारने एक चिप काढली. ती वॉर्डन नावाच्या काळ्या पेटीत घातली. टेलिफोन आणि भिंत यांच्या मध्ये ही पेटी लावली, आणि दोन्ही टोकांना ती असली, की मध्ये कान लावणाऱ्याला नुसती खरखर ऐकू येते. चिपमधली लिपी कशी चालते ते मात्र गुपित. म्हणून पाच शहाण्यांना एका खोलीत बसवून ते गुपित दाखवलं, आणि बाहेर येऊन तुम्ही देशाला सांगितलंत: 'ही लिपी उघडता येणार नाही.'

ज्युडी, हे वाक्य तुझं? मामाच्या गॅरेजच्या भिंतीवर आपला नियम खडूने कुणी लिहिला होता? तूच. 'उघडत नाही' असं कधी म्हणायचं नाही; 'मी उघडू शकलो नाही' असं म्हणायचं, आणि किती वेळ बसलो होतो तेही सांगायचं.

तर मग सांग. किती दिवस बसलात? चाचण्या कुणी निवडल्या? यंत्रं कुणाची? उद्या एखादा विक्रेता माझ्या दुकानात येऊन म्हणाला, 'क्रुपा, कुलूप पक्कं आहे, पण आत काय आहे ते विचारू नका, आमच्या पाच माणसांनी बघितलंय,' तर मी त्याला दरवाजा दाखवीन. तो दरवाजाही मीच बनवलाय.

हा वाद मी हौसेने घालत नाही. इथे मार्जरी टिप्टन म्हणून एक बाई आहेत. नवऱ्याच्या मारातून पळून आलेल्या बायकांसाठी त्या घर चालवतात. त्या घराचा पत्ता गावात मोजक्या माणसांना ठाऊक आहे; कुलपं मी बसवली, म्हणून मला. राज्य सरकार त्यांना वॉर्डन पेट्या फुकट देतंय: एक घराला, एक दवाखान्याला, एक वकिलाला. आजवर मार्जरीबाई फोनवर नाव घेत नाहीत की वेळ सांगत नाहीत. दवाखान्यात कुणाला न्यायचं असलं तर आधी स्वतः गाडी हाकत जाऊन तोंडी सांगून येतात. सध्या त्यांच्याकडे लोरीन नावाची मुलगी आहे, सहा वर्षांच्या टॅमीसकट. लोरीनचा नवरा डेल फॉस हा आमच्या शेरीफच्या ऑफिसात डेप्युटी, म्हणजे पोलीसच आहे. साधा फोन ऐकायला त्याला जागचं उठावंही लागणार नाही.

बाईंनी मला विचारलं, 'पेटी घेऊ का?' मी म्हटलं, थांबा जरा. तर म्हणाल्या, 'अहवालात तुमच्याच मामेबहिणीचं नाव आहे ना? मग मी ऐकू कुणाचं? कुलूपवाल्याचं की प्रोफेसरबाईंचं?'

मी म्हटलं, तिलाच विचारून सांगतो. मला ते जमत नाही हे तुला माहीत आहे.

तुझा,
एल्डन

ता. क. खालचं कुलूप नवं आहे. ते उघडल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही, नेहमीसारखं.


नॉर्थॅम्प्टन, मॅसॅच्युसेट्स
२१ ऑक्टोबर १९९३

प्रिय एल्डन,

कुलूप उघडलं. 'नको तिथे सही करू नये.' एवढ्या टोमण्यासाठी तू तीन पायऱ्यांची लिपी रचलीस, आणि मी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका बाजूला ठेवून ती सोडवत बसले. आपण दोघंही तेवढेच वेडे.

त्या साडेचार ओळी मी लिहिलेल्या नाहीत. आणि तुझा राग वाक्यावर आहे की पदव्यांवर, हे मला पत्र दोनदा वाचूनही कळलं नाही. आत्याच्या वॉकरचा ब्रेक यादीत आला तेव्हा मात्र हसले. तिला माझा नमस्कार सांग.

किती दिवस, कुणाची यंत्रं, हे मला सांगता येत नाही. मी सही केली आहे. वाद घालायचा तर तत्त्वाचा घालू. तू म्हणतोस, लिपी चव्हाट्यावर मांडा, जगाला उघडू द्या. बरं. पण चव्हाट्यावरच्या कितीतरी लिप्या वर्षानुवर्षं कुणी न बघता धूळ खात पडल्यात. 'सगळ्यांनी बघितलंय' याचा अर्थ बहुतेक वेळा 'कुणीच बघितलं नाही' असा असतो. आम्ही निदान बघितलं.

आणि मी गेले नसते तर काय झालं असतं? खोली रिकामी राहिली असती का? पाच शंकेखोर बाहेर बसले की पाच होयबा आत जातात, एल्डन. मला तीस वर्षांची नोकरी करून एवढं एकच राजकारण समजलंय.

'येणार नाही' हे वाक्य माझं नव्हतं. ते असूच नये असं मी म्हणाले होते. चौघं विरुद्ध एक.

तुझी,
ज्युडी


मिलर्स फोर्क
२ नोव्हेंबर १९९३

प्रिय ज्युडी,

तुझं कुलूप न्याहारीच्या आत उघडलं. म्हातारी होत चाललीस.

तत्त्व राहू दे. परवा इथे पहिला बर्फ पडला आणि मार्जरीबाईंची गाडी गटारात गेली. लोरीनचं औषध विचारायला दवाखान्यात निघाल्या होत्या. वय एकाहत्तर. मीच ट्रक नेऊन ओढून काढली. गाडीत बसून म्हणतात, 'क्रुपा, तुमची शंका संपेपर्यंत मी मरेन हो. आणि मेले की नाव तुमचंच सांगेन.'

तेव्हा समितीला विचारत नाही, सरकारला विचारत नाही. भाऊ म्हणून तुला विचारतो, गॅरेजच्या भिंतीवरच्या नियमाने: लिपी पक्की आहे का? तू आपल्या पत्रांतून मला आजवर एकदाही फसवलेलं नाहीस. सोपी लिपी अवघड म्हणून खपवलेली नाहीस. तुझा शब्द आला की मी पेट्या बसवतो.

एल्डन


नॉर्थॅम्प्टन
१४ नोव्हेंबर १९९३

प्रिय एल्डन,

नियमाने सांगते. मी उघडू शकले नाही. बसले तेवढा सगळा वेळ बसले, आणि कुठेही नख शिरलं नाही. आजवर पाहिलेल्यांत ही सगळ्यात देखणी लिपी. ज्याने केली त्याला भेटायला मिळालं असतं तर मी त्याचे हात बघितले असते. तुझे बघते तसे.

मला जो प्रश्न विचारला होता त्याचं हे उत्तर आहे. मी त्यांना दुसरा एक प्रश्न विचारला होता. तेव्हा कॉफी आली. कॉफीनंतर विमानाची वेळ झाली.

याहून जास्त लिहिता येत नाही. तू नीट वाचणारा आहेस, म्हणून एवढं लिहिलं.

ज्युडी


मिलर्स फोर्क
५ डिसेंबर १९९३

प्रिय ज्युडी,

'मी उघडू शकले नाही.' तुझ्या हातचं हे वाक्य मी पाकिटासकट दुकानात कपाटाला टाचणीने लावलंय. मामा असता तर त्याने चौकट करवली असती, तीही माझ्याकडून, फुकट. आपण इतक्या वर्षांत हे वाक्य एकमेकांना किती कमी वेळा लिहिलं!

पेट्या बसल्या. तिन्ही मी स्वतः बसवल्या, कंपनीच्या पोराला हात लावू दिला नाही. त्याने सुरुवातीलाच दोन स्क्रू तिरके मारले, तेव्हाच त्याला बाजूला केलं. प्रत्येक पेटीच्या बुडाशी नंबर कोरलेला असतो, तो माझ्या वहीत आहे. बसवलेल्या प्रत्येक वस्तूचा असतो तसा. मग दवाखान्याच्या टोकाला मी आणि घराच्या टोकाला मार्जरीबाई, असं बोलून बघितलं. मध्येच मी तारेवरचं बोलणं ऐकायचा माझा डबा लावला. खरखर. नुसती खरखर, ज्युडी, आणि तीही एकसारखी, कुठे लय नाही. ती टेप करून रिलेच्या यंत्राला तासभर पाजली, ते बिचारं काहीच न बोलता गारा पाडत बसलं.

घरातली पेटी बसवताना लोरीन दारात उभी राहून बघत होती. तिच्या डाव्या डोळ्याखालची हिरवट खूण आता गेलीय. म्हणते, 'मिस्टर क्रुपा, या पेटीत माझा नवरा मावेल का?' मी म्हटलं, दुमडावा लागेल. त्यावर ती इतकी हसली की टॅमी धावत आली, आई रडतेय का बघायला. टॅमीचा कान दुखतोय सारखा. पूर्वी असतं तर बाई गाडी काढून निघाल्या असत्या. आता त्यांनी आरामखुर्चीत बसून दवाखान्याशी कानाच्या डॉक्टरांचा पहिला मोकळा दिवस आणि वेळ ठरवली, थेट फेब्रुवारीतली. नाव घेऊन, मोठ्याने! फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, 'अकरा वर्षांनी मी फोनवर माणसासारखी बोलले.'

तुझ्या समितीबद्दल जे बोललो त्यातलं निम्मं मागे घेतो. निम्मंच.

आणि सरकारी कॉफी कशी होती? आम्ही कर भरतो, निदान कळू दे.

एल्डन


नॉर्थॅम्प्टन
२० डिसेंबर १९९३

प्रिय एल्डन,

घाईत लिहितेय, कुलूप न घालता. मार्जरीबाईंना सांग, त्यांची जुनी सवय मोडू नका म्हणावं. पेटी असू दे, पण वेळ आणि जागा फोनवर नको. गाडी त्यांना जमत नसेल तर तू जा. कारण विचारू नकोस. माझं नाव सांग हवं तर. तू सांगितलंच असशील.

नाताळाच्या शुभेच्छा. आत्याला केक वेगळा पाठवलाय.

ज्युडी


मिलर्स फोर्क
३ फेब्रुवारी १९९४

ज्युडी,

लोरीनला त्याने नेलं.

मंगळवारी सकाळी टॅमीचा कान दाखवायला मार्जरीबाई दोघींना घेऊन दवाखान्यात पोचल्या. डेल फॉस तिथे गाडी लावायच्या जागेत आधीच उभा होता, गाडीचा हीटर चालू ठेवून. गणवेश नाही, रविवारचा कोट. त्याने आरडाओरडा केला नाही. हातात टॅमीचे घरी राहिलेले लाल लोकरी हातमोजे होते. ते पुढे धरून म्हणाला, 'पोरीचे हात गारठलेत, लोरीन. चल, गाडी गरम आहे.' आणि टॅमी त्याच्याकडे पळाली. मग लोरीन काय करणार? बाई म्हणतात, 'मी हॉर्न वाजवत राहिले, क्रुपा. दुसरं काही सुचलंच नाही. नर्स बाहेर येऊन मलाच ओरडली.'

ती वेळ फक्त त्या एका फोनवर बोलली गेली होती. पेटीतून. दवाखान्यातल्या बाईने ती कुणाला सांगितलेली नाही. मी तिला तिच्या मुलांच्या समोर बसवून विचारलं.

म्हणजे तुमची लिपी फुटली. कुठल्यातरी डेप्युटीला ती फुटते आणि पाच तज्ज्ञांना फुटत नाही? बुधवारपासून दुकान बंद ठेवून मी यंत्राला नवे रिले जोडतोय. खरखरीच्या बारा टेपा आहेत माझ्याकडे. कुठेतरी लय असणार. तू आत काय बघितलंस ते सांग. सही गेली खड्ड्यात. तू म्हणाली होतीस नख शिरलं नाही. तुझं शिरलं नाही, की तू शिरवलंच नाहीस?

एल्डन


नॉर्थॅम्प्टन
१२ फेब्रुवारी १९९४

एल्डन,

लिपी फुटलेली नाही. यंत्र बंद कर. तुझ्या टेपांत लय सापडणार नाही, तू त्यांच्यासमोर म्हातारा झालास तरी.

तू अजूनही कुलपाकडेच बघतोयस. किल्ली कुणाकडे असते?

हे गुपित नाही, वर्तमानपत्रांत छापून आलंय, मी सांगितलं म्हणून काही मोडत नाही. प्रत्येक पेटीच्या किल्लीचे दोन तुकडे सरकार ठेवून घेतं, दोन वेगळ्या कचेऱ्यांत. न्यायाधीशाचा हुकूम आला की तुकडे जुळवून पोलिसांच्या हाती देतात. म्हणूनच तर ती पेटी सरकार फुकट वाटतंय. लिपी पक्कीच करावी लागते त्यांना. दुसऱ्या कुणाला उघडता येऊ नये म्हणून.

मी त्या खोलीत विचारलं होतं: हुकुमावर कुठल्या पेट्यांचे नंबर आहेत ते कोण तपासतं? तेव्हा कॉफी आली. ट्रेमध्ये डोनट होते. कुणीतरी हवामानावर बोलायला लागलं. आमच्या कामाच्या कागदावर एकच ओळ होती, 'लिपीच्या बळकटीचं परीक्षण.' बळकटी उत्तम होती. आम्ही तसं लिहिलं. अख्खा देश गेले सहा महिने त्याच एका ओळीवर भांडतोय, लिपी पक्की की कच्ची, तज्ज्ञ खरे की विकलेले, आणि तूही. मीही भांडले तुझ्याशी, तुझ्यापुढे हरायला नको म्हणून. तेव्हाच सरळ लिहायला हवं होतं.

अंतिम अहवाल अजून यायचाय. त्यात मी एक वाक्य घालणार आहे: 'किल्ल्या ज्यांच्या हाती आहेत, त्यांची तपासणी आम्ही केलेली नाही.' एवढं एक वाक्य.

डिसेंबरात मी तुला लिहिलं होतं. तू मार्जरीबाईंना सांगितलंस का?

ज्युडी


मिलर्स फोर्क
८ मे १९९४

ज्युडी,

नाही सांगितलं.

तुझं पत्र नाताळच्या आदल्या दिवशी आलं. वाचून मी मनात म्हटलं, प्रोफेसर घाबरली. पेटी उत्तम आहे असं मी बाईंना तोंड भरून सांगून आलो होतो. वीस दिवसांत परत जाऊन 'तरी पण गाडीनेच जा' म्हणायचं, हे मला हलकेपणाचं वाटलं. गाडी मीच नेईन असं ठरवलं होतं, पुढच्या खेपेपासून. टॅमीची वेळ आधीच ठरली होती, ती मी धरली नाही.

आणि दुसरं. रेल्वे स्टेशनजवळच्या हॉटेलला मी बत्तीस वर्षं कुलपं पुरवतो. प्रत्येक खोलीची किल्ली वेगळी, आणि एक मास्टर किल्ली मालकाकडे. त्या हॉटेलात आजवर चोऱ्या झाल्या त्यांतली एकही कुलूप फोडून झालेली नाही. प्रत्येक वेळी पोलीस मला बोलावतात, मी भिंगातून कुलूप बघतो आणि म्हणतो, 'हे किल्लीने उघडलंय, मालकाला विचारा किल्ली कुठे टांगतो.' मी म्हणतो हे! आणि तुला मी काय विचारलं? यंत्रं कुणाची, चाचण्या कुणी निवडल्या. मार्जरीबाईंनी मला एवढंच विचारलं, 'तुम्ही कुलूपवाले ना, क्रुपा? तुम्हाला कसं नाही सुचलं?' ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

कोर्टाच्या दप्तरात काम करणाऱ्या बाईंच्या मागच्या दाराचं कुलूप बदलायला गेलो होतो. बोलता बोलता म्हणाल्या, जुगाराच्या अड्ड्याच्या प्रकरणात नोव्हेंबरअखेर एक हुकूम निघाला होता, पुरवणीला जिल्ह्यात वाटलेल्या पेट्यांच्या नंबरांची भलीमोठी यादी. न्यायाधीशसाहेब सह्या करतात, नंबर कोण वाचतं? मी वहीतला आपला नंबर म्हणून दाखवला. त्यांनी तो मला पुन्हा म्हणायला लावला. 'मधे कुठेतरी होता,' म्हणाल्या. 'डेल फॉसने टाइप करून आणली होती ती यादी. बिचारा किती मन लावून काम करतो, असं वाटलं होतं मला.'

दुसऱ्या दिवशी वकील घेऊन गेलो. बाई म्हणाल्या, मी असं काही बोललेच नाही, आणि कुलूप छान चालतंय, थँक यू. मला त्यांचा राग येत नाही. त्यांना त्याच इमारतीत निवृत्तीपर्यंत बसायचंय.

लोरीन एप्रिलच्या शेवटी गेली. तळघराच्या जिन्यावरून पडली, असं कागदावर आहे. मेथडिस्ट चर्चमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसलो, बाई आणि मी, मध्ये एक माणसाची जागा सोडून. शेरीफच्या ऑफिसातून पांढऱ्या फुलांचं मोठं चक्र आलं होतं. टॅमी बापाच्या मांडीवर होती. तिने मला ओळखलं आणि हात हलवला.

घराचा पत्ता आता त्याला ठाऊक आहे, म्हणजे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. ऑगस्टच्या आत नवं घर घेतलं नाही तर बाईंना बंद करावं लागेल. पलीकडच्या जिल्ह्यात एक बघितलंय. बावीस हजार डॉलर आधी भरायचे. चर्चमध्ये केक विकून सातशे जमले.

तुझं वाक्य तरी छापून येऊ दे.

एल्डन


नॉर्थॅम्प्टन
२४ जून १९९४

प्रिय एल्डन,

अंतिम अहवाल आला. माझं वाक्य परिशिष्टात आहे, असं झालेलं: 'किल्ल्यांच्या व्यवस्थेचं परीक्षण समितीच्या कक्षेबाहेर असून, ती व्यवस्था समाधानकारक असल्याचं समितीस कळवण्यात आलं आहे.'

खाली माझी सही आहे. केली नसती तर परिशिष्टच गळलं असतं, असं मला सांगितलं. मी ते मानलं. आता घरी बसून तेच वाक्य वाचते आणि ते कुणाच्या उपयोगाचं आहे हे मला दिसतं. लोरीनचं मी लेखी कळवलं होतं, नाव न घेता. उत्तर आलं: 'अपवादात्मक प्रसंग, सिद्ध न झालेला.'

आता रागावू नकोस. किल्ल्यांच्या व्यवस्थेसाठी ते दुसरी समिती नेमतायत. विद्यापीठाबाहेरचा, हाताने काम करणारा एक माणूस त्यांना हवाय. मी तुझं नाव दिलं. ॲशबी नावाचे गृहस्थ तुझ्याकडे येतील. हो म्हण. काही होईल म्हणून म्हणत नाही. मला आता तसं वाटत नाही. पण ते पैसे देतात, आणि मार्जरीबाईंना घर हवंय. निदान एवढं तरी त्यातून निघू दे.

ज्युडी


मिलर्स फोर्क
१७ जुलै १९९४

प्रिय ज्युडी,

ॲशबी आला होता. सभ्य माणूस, बूट पुसून आत आला. कपाट बघून विचारलं, खिळे कुठे आहेत? मी म्हटलं नाहीत. तो वाकून बघत राहिला. सात लिव्हरच्या कुलपावर त्याने अर्धा तास घालवला आणि शेवटी 'मी उघडू शकलो नाही' म्हणाला. मला तो आवडला, हे लिहायला हवं.

मग बसलो. म्हणाला, 'मिस्टर क्रुपा, तुम्हाला सगळं बघता येईल. दोन्ही कचेऱ्या, कपाटं, हुकुमांची नोंद.'

'आणि सांगता येईल?'

'अर्थातच. अहवालात.'

'अहवाल कोण लिहिणार?'

'समिती.'

'मिलर्स फोर्कच्या नोव्हेंबरच्या हुकुमाची पुरवणी यादी बघता येईल?'

'चालू प्रकरणं सोडून सगळं.'

'ते प्रकरण चालू आहे?'

'मला वाटतं अजून बंद झालेलं नाही.'

'कधी बंद होईल?'

त्याने घड्याळ बघितलं. तो काही बोलायच्या आत मीच विचारलं, कॉफी घेणार का. तो हो म्हणाला. मी उठून केली. दोघांनी प्यायली. हवामानावर बोललो.

सहीसाठी आणलेला कागद चौदा पानी होता, मी सगळा वाचला. आत बघितलेलं जन्मभर बोलायचं नाही, बायकोशीही नाही, वकिलाशीही नाही. नाव मात्र छापायची परवानगी त्यांना आत्ताच द्यायची. म्हणजे उद्या ओहायोतल्या कुठल्याशा मार्जरीबाई कुणाला तरी म्हणतील, 'अहो, पण त्या अहवालात एका कुलूपवाल्याचंही नाव आहे ना?' ते वाक्य मला आत्ताच ऐकू येतंय.

माझ्या नाही म्हणण्याने काही थांबलेलं नाही. कोलंबसचा एक कुलूपवाला घेतलाय. मी ओळखतो त्याला. चांगला कारागीर, सही लवकर करतो. तू म्हणाली होतीस ना, खोली रिकामी राहत नाही. नाहीच राहत. डेल फॉस सार्जंट झाला. पेट्या आता शाळांनाही देतायत.

मार्जरीबाईंना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या खोकी भरत होत्या. घरात दोन बायका उरल्यात, त्यांना टोलेडोला पाठवणार आहेत, तिथे जागा झाली तर. माझं ऐकून त्या एकाच चादरीची पुन्हा पुन्हा घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, 'नाव तुमचं होतं, क्रुपा, मान्य. पण घर माझं होतं. मला विचारायचं तरी.' मी त्यांच्या दारांची कुलपं काढून घेतली. माझीच होती. आतून बाहेरून सगळी अजून नव्यासारखी चालतात.

खाली कुलूप घातलेलं नाही. सांगायचं ते उघडंच आहे.

आठ दिवस आत बसायचं, बघितलेलं जन्मभर पोटात ठेवायचं, आणि खाली नाव: एल्डन क्रुपा, कुलूप कारागीर, मिलर्स फोर्क. त्याचे ते मला चोवीस हजार डॉलर देत होते. मी नाही म्हणालो.

तुझा,
एल्डन